घोडपदेवचा सातवा पीस

वेंगुर्ल्याहून माणसं मुंबईला दवाखान्यासाठी जातात, लग्नासाठी जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. मी रॉकेट बघायला गेले. हे ऐकून आमच्या शेजारची शालिनी म्हणाली, "सुलभा, मुंबईत रॉकेट खंय उडता गो?" तिचं चुकलं नाही. रॉकेट उडणार होतं पार पलीकडच्या पूर्व किनाऱ्यावरून, आणि आम्ही ते बघणार होतो घोडपदेवच्या एका व्यायामशाळेच्या भिंतीवर. एवढ्यासाठी कोणी सामान बांधून निघतं का, असं तुम्हालाही वाटत असेल तर वाटू दे. पोस्टाच्या खिडकीमागे बसून मी जन्मभर लोकांची पाकिटं गावोगाव पाठवली. निवृत्तीनंतर कुठे जायचं ते माझं मी ठरवणार.

हे वेड टाळेबंदीत लागलं. घरात बसून बसून जीव आंबला होता, तेव्हा भाच्याने फोनवर एका परदेशी कंपनीचं रॉकेट दाखवलं. ते वर गेलं आणि त्याचा खालचा भाग परत येऊन समुद्रातल्या तराफ्यावर उभा राहिला. मी म्हटलं, हे खोटं आहे. खोटं नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, आणि तिथून सुटका नाही. मग 'उड्डाण कट्टा' नावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपात शिरले. कोणती कंपनी कुठलं इंजिन पेटवून बघते आहे, कोणाचं यान कुठे अडलंय, यावर तिथे तावातावाने भांडणं चालतात. आमचा एक नियम आहे: उलटी मोजणी सुरू झाली की उपग्रह सुटा होईपर्यंत चहा घ्यायचा नाही. कोणी, का लावला, ठाऊक नाही. मोडायची मात्र कोणाची छाती होत नाही.

या ग्रुपात घोडपदेवचे आबा परब होते. फोटोत पांढऱ्या मिशा, आणि लिहायचं काय, तर फक्त जोडलेले हात. रॉकेट उडालं, हात. रॉकेट फुटलं, तरी हात. मागच्या दिवाळीत ग्रुप चालवणाऱ्या नंदिनीने बातमी फोडली की आपल्याच देशातल्या एका खासगी कंपनीच्या रॉकेटमध्ये आबांनी आपल्या लेथवर बनवलेले भाग बसलेत. त्याखालीही आबांचे जोडलेले हात! मी तेव्हाच ठरवलं, हे रॉकेट आबांच्या शेजारी बसून बघायचं. कंपनीचं नाव लिहू नका असं मला सांगितलंय, म्हणून लिहीत नाही.

लालबाग, गुरुवार

प्रवासाचं रडगाणं गात नाही. एकच सांगते, कोकम आगळाची बाटली बॅगेत फुटली आणि माझ्या तिन्ही साड्या एकाच रंगाच्या झाल्या. दादरला नंदिनी घ्यायला आली. तिशीची पोरगी, बँकेत नोकरी, बोलणं असं सुसाट की मला दोनदा 'काय?' विचारावं लागायचं. "सुलभाताई, टेन्शन नको, घरी मशीन आहे," म्हणत तिने बॅग खांद्याला लावलीसुद्धा. रॉकेटसाठी रजा मागितली तर साहेब हसले, म्हणून तिने अर्जात 'घरचे कार्य' असं लिहिलं होतं.

ती राहते लालबागला, बाविसाव्या मजल्यावर. जिथे हा टॉवर आहे तिथेच तिच्या आजोबांची चाळ होती. खिडकीतून खाली बघितलं तर मला गरगरलं. पोर मात्र तिथेच उभी राहून बोटाने दाखवत होती, ती गिरणीची चिमणी, ते भायखळा, त्या पत्र्यांच्या पलीकडे घोडपदेव. मजल्यावर चार बिऱ्हाडं आणि चारही दारं बंद. आमच्याकडे दुपारी दार लावलं तर लोक विचारायला येतात, बरं नाही का म्हणून. इथे शेजारणीचं नाव विचारलं तर नंदिनीला तेही आठवेना.

संध्याकाळी मसाल्याच्या गल्लीत गेलो. मिरच्या भाजण्याचा खकाणा असा नाकात गेला की मी सात-आठ शिंका दिल्या, आणि गिरणीवाला हसून म्हणाला, "मावशी, नवीन दिसता." नवीन कसली, आमच्याकडे काय मिरच्या भाजत नाहीत? पण पोतीच्या पोती भाजत नाहीत, हे खरं. मालवणी मसाला घेतला, चिवडा घेतला, आणि लालबागचा चिवडा आमच्यापेक्षा चांगला असतो हे इथे लिहून टाकते. शालिनीने वाचलं तर वाचलं.

घोडपदेव, शुक्रवार सकाळ

घोडपदेवला गेल्यावर मला हायसं वाटलं. दारं उघडी, गॅलरीत कपडे, कोणीतरी कोणालातरी वरून हाक मारतंय. एका चाळीच्या तळाला आबांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक खोली. एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल, एक गणपतीचा फोटो आणि एक स्टूल. सगळं इतकं स्वच्छ, की मी चपला बाहेर काढल्या.

"तू खंयची गो बाय?" आबांनी पहिलं हेच विचारलं. वय चौऱ्याहत्तर, अंगात खाकी अर्धी चड्डी आणि इस्त्रीचा शर्ट.

"वेंगुर्ल्याची."

"मगे आधी सांगूक नको? माका वाटला कोण मोठी मॅडम येतली. बस हंय." आणि स्टूल फडक्याने पुसून माझ्याकडे सरकवलं.

मग तास-दीड तास आम्ही मालवणीत असे बोललो, की नंदिनी नुसती मान हलवत राहिली. आबा गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. गिरणी बंद झाली तेव्हा ज्यांना जमलं ते गावी गेले, कोणी वॉचमन झाले. आबांनी मिळालेल्या पैशांत ही जुनी लेथ घेतली. पंपाचे भाग केले, लिफ्टचे केले, मिठाईवाल्यांच्या यंत्रांचे केले. आणि दोन वर्षांपूर्वी एक ठेकेदार नकाशा घेऊन आला. ॲल्युमिनियमची पकड, तळहाताएवढी. रॉकेटच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी हलू नये म्हणून तिला धरून ठेवायची. दोन-तीन कारखान्यांनी हात वर केले होते. माप केसभरही चुकलं तर चालणार नव्हतं.

"सहा होयी होते. सात केलय. एक जादा, लागलो तर आसूंदे," आबा म्हणाले. "दीड महिनो दुसरा काम हातात घेतलय नाय."

"आणि आबा, वर गेल्यार कसा वाटतला?"

त्यांनी फडक्याला हात पुसले, खूप वेळ पुसले. "बाय, जन्मभर दुसऱ्याच्या मशिनी नीट केलय. माझ्या हातचा म्हणून दाखवूक काय नाय. आता ह्या एक जायत. जाऊक व्हया." एवढं म्हणून ते उठले आणि खणातून पेन्सिलीएवढी पोलादी सळी काढून माझ्या हातात ठेवली. तिच्या टोकाला तीन बारीक टोकं, त्रिकोणात. गिरणीत प्रत्येक फिटरचा असा आपला पंच असे. कामाचा लॉट पुरा झाला की शेवटच्या पीसवर ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. पुढे काही मोडलं तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, टिंबं बघून बरोबर त्या माणसापाशी येऊन उभा राहायचा. आबांची खूण तीन टिंबं.

"मगे ह्या पकडीर मारल्यात काय नाय?" मी गमतीने विचारलं.

"मारलय तर! सातव्यार. आतल्या बाजूक." आणि मिशीतल्या मिशीत असे हसले, की मलाही हसू आलं. नंदिनी त्या वेळी बाहेर फोनवर होती, व्यायामशाळेच्या पडद्याचं बघत होती. मी पंचाचा फोटो काढला. केवढा तो मला कौतुकाचा विषय वाटला!

गिरगाव, शुक्रवार दुपार

जेवायला नंदिनीने गिरगावात नेलं, तिच्या आवडत्या खानावळीत. सुरमई चांगली होती, तळणी नीट होती, पण सोलकढीत आमच्यासारखा नारळ नव्हता आणि हे मी वाढप्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुमच्या गावी येतो मग." मी पत्ता दिला. बाहेर एका जुन्या घराच्या पायरीवर पांढरेशुभ्र कपडे घातलेले दोन म्हातारे वर्तमानपत्राची वाटणी करून वाचत बसले होते, एकाकडे पहिलं पान, दुसऱ्याकडे खेळाचं. मला गिरगाव आवडलं.

भात कालवता कालवता मी मोठ्या हौसेने नंदिनीला पंचाची गोष्ट सांगितली, फोटोही दाखवला. तिचा हात ताटातच थांबला.

"थांबा थांबा. मारलाय? पकडीवर? खरंच?"

"सातव्यावर. शेवटच्या."

"अहो सुलभाताई!" असं ओरडली, की शेजारच्या टेबलवरचे वळून बघायला लागले. मग तिने आवाज खाली आणून मला समजावलं. पातळ ॲल्युमिनियमवर ठोकून टिंबं मारली की तिथे खळगे पडतात. रॉकेट उडताना सगळं इतकं थरथरतं, की चीर जायची झाली तर अशा खळग्यापासूनच सुरू होते. पकड तुटली तर नळी हलणार, नळी हलली तर इंधन गळणार, आणि रॉकेट गेलंच. सातातले सहा बसवलेत. कोणते सहा, देव जाणे. आणि उड्डाण परवा, रविवारी सकाळी.

 इतका वेळ मी ज्याचं कौतुक करत होते ते हे!

"कंपनीने तपासलं असेल ना?"

"असेल. बहुतेक असेलच. पण आतल्या बाजूला आहे म्हणता." ती बोटं मोडत होती. "आणि सांगायचं तर आबांचं काम गेलंच समजा. परत कोण देणार? त्यांचा जीव आहे हो त्यात. कदाचित काहीच होणार नाही. गप्प बसलो तर?"

इथे माझं डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. "नंदिनी, त्या रॉकेटात एका कॉलेजच्या पोरांचा उपग्रह आहे म्हणून तूच ग्रुपात चार वेळा लिहिलंस. चार वर्षं खपलीत म्हणालीस. उद्या ते समुद्रात पडलं तर त्या पोरांना काय सांगशील, आबांचा मान राखला म्हणून?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. आबांना विचारल्याशिवाय मात्र एक पाऊल टाकायचं नाही, एवढं ठरवून उठलो. ताटात सुरमई तशीच राहिली.

शिवडी, शनिवार

दर शनिवारी सकाळी आबा शिवडीच्या धक्क्यावर रोहित पक्षी बघायला जातात. आम्हीही तिथेच गेलो. गोदामं, ट्रक, कोळशाची धूळ, आणि त्या सगळ्याच्या पुढे चिखलात हजारोंनी गुलाबी पक्षी माना खाली घालून उभे. आमच्या खाडीत बगळे येतात, कधी करकोचा येतो. असं मी कधी पाहिलं नव्हतं. पण मनात धाकधूक इतकी, की डोळे भरून बघताही आलं नाही. त्यात जरा पुढे जाऊन नीट बघू म्हणून पाय टाकला तो घोट्यापर्यंत चिखलात. पाय निघाला, चप्पल राहिली. आबांनी काठीने चाचपडून बघितलं, पण गेली ती गेलीच. बाकीचा दिवस मी नंदिनीच्या व्यायामाच्या बुटांत काढला.

सांगायचं मलाच होतं, कारण मालवणीत सांगायचं होतं. सांगितलं. आबा पक्ष्यांकडेच बघत राहिले.

"माझी खूण म्हंजे खोट?" शेवटी म्हणाले. आवाज चढला होता. "गो, खूण मारूची म्हंजे जबाबदारी घेवची! जो मारता नाय तो चोर. माका माझ्या उस्तादान ह्याच शिकवलान."

"खरा आसा आबा. पण लोखंडार तां चालत होता. ह्या पातळ आसा."

"तां माका समाजता. धातूतला तू माका शिकवतंस?"  धक्क्यावर एक शाळेची सहल आली होती, पोरं 'फ्लेमिंगो, फ्लेमिंगो' म्हणून किंचाळत होती. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग एकदम नंदिनीकडे वळून म्हणाले, "पोरी, चीर जाऊ शकते. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. हात सवयीने गेला. फोन लाव."

आधी ठेकेदाराला लावला. तो म्हणाला, "आबा, डोकं फिरलंय का? उद्या उडतंय. तोंड उघडू नका, माझंही काम घालवाल." आबांनी तो पुरा बोलायच्या आत फोन कापला. मग नंदिनीला आठवलं की कंपनीने आमच्यासारख्या हौशी ग्रुपांसाठी मागे एक ऑनलाइन गप्पांचा कार्यक्रम ठेवला होता, आणि ललिता नावाच्या इंजिनियर बाईंनी तिचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरं दिली होती. त्यांचा नंबर होता. बाई दक्षिणेकडच्या, हिंदी मोजूनमापून बोलणाऱ्या. आणि आबांची हिंदी घोडपदेवची.

"मॅडम, मैं परब बोलता है, मुंबई से. वो पाइप का क्लॅम्प मैं बनाया. सात पीस दिया. उसमें एक पे मैंने पंच मारा है. तीन टिपका. अंदर की साइड. मेरा गलती है. ठेकेदार का नहीं, मेरा. आप देखो."

 मग बाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले, कुठल्या कडेपासून किती अंतरावर, किती खोल, हातोडी केवढी. आबांनी एकेकाचं नेमकं उत्तर दिलं. "मैं बताती हूँ," म्हणून बाईंनी फोन ठेवला.  आबांनी फोन नंदिनीला दिला.

दुपारी कंपनीची सूचना आली: एका जादा तपासणीसाठी उड्डाण एक दिवस पुढे, सोमवारी सकाळी. झालं! उड्डाण कट्ट्यावर आगडोंब उसळला. कोणी सांगलीहून रजा टाकून आला होता, कोणी नागपूरहून. 'ऐन वेळी कसली तपासणी?' 'कुठल्या गाढवाने घोळ घातला?' 'हे आपलं नेहमीचंच.' आम्ही तिघं आबांच्या खोलीत बसून हे वाचत होतो. नंदिनी फोन उलटा ठेवायला गेली, तेवढ्यात आबांनी चष्मा लावला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, काहीतरी लिहायला लागले. एवढ्या दिवसांत त्यांनी ग्रुपात एक शब्द लिहिला नव्हता. पाचेक मिनिटांनी आमचे दोघींचे फोन वाजले.

'माझ्यामुळे. माझी चूक झाली म्हणून मी कंपनीला सांगितले. माफी असावी. आबा परब.'

 मला वाटलं, आता कोणीतरी वाटेल ते बोलणार, आणि बोललं तर मी त्याला सोडणार नाही. पहिला लिहिता झाला तो तोच गाढव म्हणणारा सांगलीकर. त्याने जोडलेले हात पाठवले. मग नागपूरने पाठवले. मग ओळीने हातच हात, फोन वाजायचा थांबेना. आबांनी चष्मा काढला आणि गणपतीच्या फोटोकडे तोंड करून बसले. मी पदराने डोळे पुसले, कोकमाच्या रंगाच्या.

घोडपदेव, रविवार आणि सोमवार

रविवारचं माझं परतीचं तिकीट मी रद्द केलं. तो दिवस गेला नाही, ढकलला. आबांच्या सुनेने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. घावणे अगदी आमच्यासारखे, जाळीदार. पण आबांनी एकावर हात आखडला. "माझे सगळे पीस काढून टाकतले," मला म्हणाले. "एकात खोट गावली तर दुसऱ्यार भरवसो कोण ठेवतलो? मी असतंय तर मियांय ठेवलो नसतो."  उगाच धीर द्यायला मला जमत नाही, म्हणून शेजारी बसून राहिले.

तीनच्या सुमाराला ललिता मॅडमचा फोन आला. नंदिनीने मोठ्या आवाजावर टाकला. बाई म्हणाल्या, सातवा पीस आल्या दिवशीच आमच्या तपासणीत सापडला होता, खुणेसकट. तो तेव्हाच बाजूला काढला. ठेकेदाराला कळवलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही का? नव्हतं सांगितलं, मेल्याने. तरी आबांचा फोन आल्यावर त्यांनी जोडणीचे सगळे फोटो आणि कागद पुन्हा एकदा काढून प्रत्येक पकड तपासली, दुसऱ्या कुठे अशी खूण तर नाही ना म्हणून. नाही. सहाच्या सहा निर्दोष.

"छे के छे लगे है?" आबांनी विचारलं.

"छह के छह, परब जी. आप ही के हैं."

आबा उठले. आत गेले, आणि ताटलीत राहिलेले दोन घावणे उभ्या उभ्या खाल्ले.

सोमवारी सकाळी व्यायामशाळेत वीसेक माणसं होती. डंबेल्स कोपऱ्यात लोटलेली, मारुतीच्या तसबिरीला हार, भिंतीवर चादर, आणि चादरीवर रॉकेट. सांगलीकर आला होता. हा शंभर किलोचा दांडगा गडी आबांच्या पायाच पडला, आणि आबा 'अरे अरे' करत मागे सरले. मोजणी सुरू झाली. कोणी श्वास घेईना. शून्य झालं, खालून पिवळाधमक जाळ आला आणि ते बारकंसं रॉकेट उचललं गेलं. सगळे उठून ओरडायला लागले. मीही ओरडले, माझ्या वयाला शोभत नाही इतकी ओरडले.

आबा बसूनच होते. "थांबा," म्हणाले. "माझं अजून सुरू झालं नाही."

खरंच की! आबांच्या पकडी वरच्या टप्प्यात. आम्ही सगळे गपकन खाली बसलो. खालचा टप्पा सुटा झाला. चादरीवर काळोख, काळोखात नुसते आकडे. मग एक बारीक निळसर उजेड दिसला, वरचं इंजिन पेटल्याचा. आता त्या नळ्या थरथरत असतील, आणि सहा पकडी त्यांना धरून असतील. आबांच्या मांडीवरच्या मुठी आवळलेल्या होत्या, जणू नळ्या तेच धरून बसले होते. किती मिनिटं गेली कोण जाणे. इंजिन वेळेवर बंद झालं. पोरांचा उपग्रह सुटा झाला. नंदिनी रडत रडत "आबा, धरलं हो, धरलं!" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांच्या मुठी सुटल्या. मागे कोणीतरी चहाचं पातेलं आणलं आणि जो गलका झाला त्यात कोण काय बोलतंय कळेना.

त्या गलक्यातच आबांचा फोन वाजला. ललिता मॅडम. त्यांच्याकडेही मागे टाळ्या चालल्या होत्या. आबांनी सगळ्यांना हाताने गप्प केलं. बाई म्हणाल्या, पुढच्या रॉकेटसाठी बारा पकडी हव्यात. या खेपेला मधे ठेकेदार नाही, नकाशा सरळ तुम्हाला पाठवते. अट एकच, पंच मारायचा नाही.

"नहीं मारेगा," आबा म्हणाले. मग जरा थांबून, खरंच काळजीने त्यांनी विचारलं, "लेकिन मॅडम, कल कुछ टूटा, तो मेरेको ढूँढोगे कैसे?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ढूँढना क्यों पड़ेगा, परब जी? आप खुद फोन करोगे."

 आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले.